रिसोर्स ९१ टक्के फ्री

४ ऑगस्ट १९९७, सोमवार
आजपासून सायली गावातल्या आमच्या यार्न फॅक्टरीतला कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. मेला सारखा हँग होतो आणि माल बाहेर न्यायच्या चलनासाठी ट्रक गेटवर ताटकळतात. मॅनेजर साहेब म्हणाले, सपकाळे, शनिवारपर्यंत हे हँग थांबवा, मग इन्चार्ज तुम्हीच. टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी घेत अख्खी फॅक्टरी सरळ केली मी. हे एक खोकं काय!

संध्याकाळी.
ऑपरेटर श्रुतीने पडद्याच्या कोपऱ्यात मशीनची ताकद किती फ्री आहे ते दाखवणारा रिसोर्स मीटर लावून दिला. म्हणाली, यावर लक्ष ठेवा. ठेवलं आणि डोकंच फिरलं. ९१ टक्के फ्री! मालकाने एवढं महागाचं मशीन आणलं आणि ते नुसतं रिकामं बसलंय! हँग होईल नाही तर काय? बसून बसून माणसाचेसुद्धा पाय आखडतात.

५ ऑगस्ट
संकल्प: फ्री दहाच्या खाली आणणे.
चलनाच्या जोडीला कॅल्क्युलेटर, घड्याळ, चित्रं काढायचं ते, पत्ते, सगळं उघडून ठेवलं. पत्ते कुणी खेळायचे नाहीत, फक्त कामाला जुंपायचे. फ्री ६४. श्रुती मात्र काम झालं की पडद्यावरची खिडकी बंद करते. झापलं. म्हणे, साहेब, फ्री जास्तच हवं. म्हटलं, तुमच्या रत्नागिरीत चालत असेल. रडवेली झाली. मला काय ओरडायची हौस आहे?

७ ऑगस्ट
फ्री २३. तरी दिवसभर हँग. हे उरलेले तेवीस कामचुकार, दुसरं काय! स्टोअरचा गुजराती कल्पेश येऊन बोंबलला, ड्रायव्हर लोक गाळी देतात, हाताने चलन फाडा ने. हाकलला.
मधूनच पडद्यावर इंग्रजीत चौकट येते, रिसोर्स कमी झाले म्हणून. कमी झाले म्हणजे कामाला लागले! ओके दाबतो.
संकल्प: उद्यापासून चिडायचं नाही.

८ ऑगस्ट
चिडलो. मी जेवायला गेलो तेवढ्यात श्रुतीने सगळ्या खिडक्या बंद केल्या. म्हणे, तेवढा वेळ एकदाही अडकला नाही. योगायोग! तिला की-बोर्डला हात लावायची बंदी. घरी बायकोला, उषाला, सांगितलं, उद्या पेढे आणून ठेव. म्हणाली, आधी होऊ तर दे. घरातही तेच!

९ ऑगस्ट, शनिवार
साहेब आले. छाती काढून सांगितलं, साहेब, फ्री फक्त चार! साहेबांनी एक चलन काढायला सांगितलं. पडद्यावरचा बाण जागीच थिजला. बाहेर ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवून बसलेले. शेवटी साहेबांनी श्रुतीला बोलावलं. तिने मशीन बंद करून चालू केलं आणि माझं काहीही न उघडता चलनामागून चलन छापलं. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, फ्री म्हणजे मोकळी जागा, सपकाळे, ती संपली की मशीन गुदमरतं. कल्पेश तोंडाला रुमाल लावून हसला. इन्चार्ज श्रुती. मी म्हटलं, मला ठाऊकच होतं, पोरीची परीक्षा घेत होतो.
टाइम ऑफिसात परतलो तर माझ्या खुर्चीत नवा माणूस. दुसरी खुर्ची नाही. काम त्याच्याकडे. दुपारभर दाराशी उभा. साहेब तिथून जाताना खेकसले, ड्यूटीच्या वेळी असे रिकामे काय उभे राहता, सपकाळे?