बेचाळीस नंबरची हजेरी

३ मार्च, सोमवार

घसा बसला. आज एकूण चौदा सूचना! ग्रंथालयाची पुस्तकं शुक्रवारपर्यंत परत करावीत. दहावीच्या मुलांनी हॉल तिकिटं ऑफिसातून न्यावीत. निरोप समारंभ पंधरा तारखेला, भाषणं दोन मिनिटांत आवरावीत — कुणी आवरत नाही, पण वाचायचं. सापडलेल्या वस्तू: सात बाटल्या, तीन डबे, एक बूट. एकच बूट! पोर घरी कसं गेलं, हे विचारायचं त्राण माझ्यात नाही.

चौदावी सूचना हेडक्लार्कनं ऐन वेळी हातात कोंबली. माइक चालूच होता, मी वाचत सुटले. "या वर्षी एकही दिवस गैरहजर न राहिलेली, संपूर्ण शाळेतली एकमेव विद्यार्थिनी — दहावी ब, पट क्रमांक बेचाळीस..." आणि नाव. नाव आधी तोंडातून बाहेर पडलं, मग डोक्यात शिरलं.

मग समोरच्या इमारतीत हशा पिकला. माझाच वर्ग तो. त्या मुलीला वर्गात सगळे 'पाहुणी' म्हणतात. कधीतरीच उगवते म्हणून.

आणि तिची हजेरी लावलीय कुणी? मी. रोज. या हातानं.

४ मार्च

लिहून काढते, निदान डोक्यातून तरी जाईल.

जुलैत एकदा तास संपल्यावर ती टेबलापाशी आली, चिठ्ठी ठेवली आणि मान खाली घालून उभी राहिली. 'आई अंथरुणाला खिळली आहे. मला रोज येता येणार नाही. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसली तर परीक्षेला बसू देत नाहीत.' एवढंच. लाजरी दिसते, म्हटलं. "बघते मी. तू आईकडे बघ," असं म्हणून पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी फार बरं वाटलं होतं मला, उगाच नाही कशाला म्हणू?

खरं तर बेतानं लावायला हवी होती — चार दिवसांतले तीन हजर, एक गैरहजर. पण एकसष्ट मुलं, पहिला तास, चार मिनिटांत पुकारा उरकायचा. कोण लक्षात ठेवतंय! बेचाळीसपाशी पेन आलं की खूण आणि पुढे. आजवर पूर्ण हजेरीचं बक्षीस कुणी कधी मोजून दिलं नव्हतं. चांगलंसं पोर बघायचं आणि द्यायचं. या वर्षी ऑफिसात सगळा हजेरीपट कॉम्प्युटरवर चढवला. त्यानं इमानदारीत मोजलं.

दया होती की आळस? जुलैत दया होती. ऑगस्टपासून आळस.

५ मार्च

मोठ्या बाई हरखून गेल्यात. मुख्याध्यापक झाल्यापासून इतक्या खूश मी त्यांना पाहिलेलं नाही. "अकरा वर्षांत पहिल्यांदा खरोखरची पूर्ण हजेरी! निरोप समारंभात आईलाही स्टेजवर बोलवू."

"आई आजारी असते तिची," मी म्हटलं. म्हटलं, आता तरी सुटेन.

"काय सांगता! आजारी आईचं सगळं करून एकही दिवस चुकवला नाही?" डोळ्यांत पाणी! आता वर्तमानपत्रवाल्याला बोलावणार आहेत.

हेडक्लार्क बाहेर भेटला. "तुमचा वर्ग म्हणजे कमालच हं बाई!" मिशीत हसला की मला भास झाला? देव जाणे.

६ मार्च

पाहुणी आजही आली नाही. पेन बेचाळीसपाशी गेलं आणि खूण झालीसुद्धा. या हाताला काय म्हणावं!

७ मार्च

सकाळी ह्यांना सांगून टाकलं. हे शर्टाचं बटण शोधत होते. "नोकरीची चार वर्षं राहिलीत तुझी. आता कुठे खरं बोलायला निघालीस?" बटण मिळालं, विषय संपला. बत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांचा सल्ला हा असा.

मग माझं मीच डोकं चालवलं. मधल्या सुट्टीत ऑफिसातून पट मागून घेतला. पाच तारखा निवडल्या, पाच खुणा ब्लेडनं खरवडल्या आणि लाल शाईनं 'गैरहजर' मांडलं. पाच दिवसांनी हॉल तिकिटाला धक्का लागत नाही, बक्षीस मात्र जातं. साप मरावा, काठी वाचावी — नाही, तेही नको, मी कुठली कुणाला मारतेय! मोठ्या बाईंना 'मोजणीत चूक झाली' एवढंच सांगितलं, त्या हिरमुसल्या, आणि शेवटच्या तासाला माइकवर वाचून टाकलं: "नजरचुकीने जाहीर झालेलं पूर्ण हजेरीचं बक्षीस रद्द करण्यात येत आहे. सदर विद्यार्थिनी पाच दिवस गैरहजर होती."

स्वतःवर इतकी खूश झाले की घरी टॅक्सीनं आले.

१० मार्च, सोमवार

दुसऱ्या तासाला शिपाईमामा सांगत आले, "बेचाळीस नंबरची आई आलीय." बिचारी कुणाच्या तरी आधारानं आली असणार, खुर्ची तरी द्यावी म्हणून मी धावले.

दारात धडधाकट बाई! तीन जिने चढून आलेली, साधी धापही नाही. लाँड्रीत इस्त्री करते. मनगटांवर भाजल्याचे डाग. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती.

"कोणते पाच दिवस, बाई? तारखा द्या मला."

"अहो, पण तुमची तब्येत..."

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "पोरगी रोज साडेसहाला घरातून निघते. डबा मी भरून देते, मी! अंगात ताप असला तरी निघते. मग पाच दिवस होती कुठे? शुक्रवारी शेजारचा पाचवीतला पोरगा माइकवरचं सांगत आला, तेव्हापासून विचारतेय, तोंड उघडत नाही. जन्मात पहिल्यांदा हात उचलला मी तिच्यावर."

पाच दिवस! बाई पाच दिवसांच्या घोरात आहे. खरे शंभराच्या वर आहेत. आणि हे पाच तर मीच ब्लेडनं तयार केलेत.

"पाहून सांगते," म्हटलं. तिला ते पटलं नाही. जाताना ऑफिसात लेखी अर्ज देऊन गेली. मी बाकावर बसले ते तास संपेपर्यंत उठलेच नाही. आईला काही झालेलंच नाही! मला चक्क बनवलं त्या पोरीनं. वर्षभर!

११ मार्च

हॉल तिकीट न्यायला आली तेव्हा पकडली. चित्रकलेचा वर्ग रिकामा होता, तिथे नेली. गाल अजून सुजलेला.

मी फार ओरडले. लिहायला लाज वाटते. "कुठे जात होतीस? कोण आहे? कुणाबरोबर हिंडतेस? बोल ना!"

तिनं तोंड उघडलं. हनुवटी थरथरायला लागली, मानेची शीर ताठ झाली, आणि "म... म... म..." त्यापुढे शब्द येईना. डोळे गच्च मिटून घेतले तिनं. मला आधी वाटलं, नाटक करतेय. मग कळलं. मी पेन तिच्या हातात दिलं.

तिनं वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. ते पान माझ्यापाशी आहे.

'आई बरी आहे. मी खोटं लिहिलं. मला हजर म्हणता येत नाही. ह अडकतो. जूनमध्ये मी उभी राहिले, तर तुम्ही म्हणालात, बस बस, दिसतेयस. सगळे हसले. मग रोज माझा नंबर आला की मागून कुणीतरी म्हणायचं, दिसतेयस. पुकारा झाल्यावर यावं तर फाटकावर उशिराचं कारण मोठ्यानं सांगावं लागतं. म्हणून हॉस्पिटलात औषधाच्या खिडकीसमोर बाकावर बसते. तिथे कुणी काही विचारत नाही. पुस्तकं सगळी वाचून झालीत. दोनदा.'

'बस बस, दिसतेयस.' मला आठवतसुद्धा नाही! म्हटलं असेन. पुढचे एकोणीस नंबर उरकायचे असतील. लागेल असं काही बोलले असते तर निदान आठवलं तरी असतं.

अख्ख्या वर्षात या मुलीचा आवाज मी ऐकलेला नव्हता. आणि ऐकला नाही, हेही मला कळलेलं नव्हतं. भाषा शिकवते म्हणे मी!

१२ मार्च

शाळा सुटल्यावर लाँड्रीत गेले. सगळं सांगितलं — चिठ्ठी, माझ्या खुणा, ब्लेड, हॉस्पिटल. ती शर्टाला इस्त्री करत राहिली. मध्ये एकदाच हसली.

"अडखळते? माझी पोरगी? अहो, घरी तिच्या तोंडाला कुलूप नाही! धाकटीला गोष्टी काय सांगते, आमच्या मालकाची नक्कल काय करते! गप्प बस म्हणून ओरडावं लागतं मला."

मग इस्त्री उभी करून ठेवली.

"रोज जेवताना विचारायचे, आज शाळेत काय झालं? रोज सांगायची. बाईंनी हे शिकवलं, बाई असं म्हणाल्या, बाईंनी माझी वही वर्गाला दाखवली." माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्याबद्दल चांगलंच सांगायची हो."

मला तिथेच रडू फुटलं. गिऱ्हाइकं बघत होती, बघू देत. ती मात्र रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही गप्प राहिलात तर परीक्षेला बसेल ना?"

"बसेल."

"मग गप्प राहा. पास होईल ती."

कबूल केलं. मनापासून कबूल केलं. वीस तारखेला पहिला पेपर, आठ दिवस तोंड मिटून बसायचं. त्यात काय कठीण?

१३ मार्च

कठीण आहे. आईच्या अर्जावरून मोठ्या बाईंनी पट मागवला. खरवडलेली पाच घरं दिसली. सकाळचा पुकारा सोडला तर पट दिवसभर ऑफिसात हेडक्लार्कच्या कपाटात असतो, म्हणजे खाडाखोड कुणाची? हेडक्लार्कची! त्याला नोटीस निघाली. कामावरून काढायची भाषा.

मधल्या सुट्टीत माझ्यापाशी आला. मिशीत हसू वगैरे काही नाही. "बाई, त्या दिवशी पट तुम्ही मागितला होता. मी अजून कुणाला बोललो नाही. पण तुम्ही बोला हो." हात जोडले त्यानं. माझ्यापुढे!

एकीकडे पोरीचं वर्ष, दुसरीकडे याची भाकरी. आणि दोन्ही मीच टांगून ठेवलेलं. डोकं दुखतंय. माझी नोकरी जाईल याची भीती परवापर्यंत होती, आता तिचंही काही वाटेनासं झालंय. झोपावंसं वाटतंय नुसतं.

१४ मार्च

सांगितलं.

मोठ्या बाईंनी दार लावून घेतलं. पहिलं वाक्य, "वर्तमानपत्रवाल्याला बक्षीस रद्द म्हणून कळवलं, आता हे कानावर गेलं तर मी काय सांगू?" दुसरं, "मुलीचं हॉल तिकीट परत मागवा."

मी भांडले. इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी भांडले नव्हते, ते सगळं आज भांडले. मला काढा, माझं काय करायचं ते करा, तिला बसू द्या, दोनदा वाचलंय तिनं सगळं! "ती गैरहजर होती की नव्हती?" त्या म्हणाल्या. "होती." "मग?" त्यांचंही खोटं नाही. मला चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय.

खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. हेडक्लार्क वाचला, आणि आईला दिलेला शब्द मी दोन दिवससुद्धा पाळला नाही. लाँड्रीवरून यायला नको म्हणून लांबच्या रस्त्यानं घरी आले.

१५ मार्च

आज निरोप समारंभ. माइकवर चित्रकलेचे सर होते म्हणे. सगळ्या सूचना बरोबर वाचल्या.

१७ मार्च

काही नाही. कपाट आवरलं. परत भरलं.

२० मार्च, गुरुवार

पहिला पेपर अकराला होता. अकरालाच बेल वाजली. दारात ती! खाली रस्त्यावर आई उभी, वर न बघता. मला वाटलं, हिला लिहायला लागेल. कागद आणायला मी आत वळले.

"बाई, थांबा. मला तुमचा राग आलाय. खूप राग आलाय. माझं वर्ष गेलं. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी आहे, तिची तयारी तुम्ही करून घ्यायची."

एका दमात. कुठेच अडली नाही.

दोन वाजेपर्यंत बोलत होती. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.