न लढलेली कुस्ती

१२ जानेवारी १९४६, नंदुरबार
चट्टा वाढलाय. डाव्या खांद्याखाली रुपयाएवढा होता, आता तळहाताएवढा. आज त्यावर पेटती विडी टेकवली. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा कळलं. दुखलं नाही —
तालमीत गेलो नाही. कचेरीत काम आहे, असा उस्तादांना निरोप धाडला.

१४ जानेवारी
जत्रेला नऊ दिवस उरले. तालमीच्या भिंतीवर गेरूनं पहिलवानांची नावं लिहिली आहेत. माझे आजोबा आणि रमजान उस्तादांचे वडील शेजारी शेजारी. सगळ्यांत खाली मी. तीन वर्षं जत्रेची गदा सुरतेला जाते. गाव म्हणतं, यंदा गदा पितांबर आणणार, म्हणजे मी. दूधवाला न मागता जास्त दूध घालतो.
माझा घाम पडतो तीच माती चाळीस जण अंगाला लावतात. हे आत्ता सुचतंय!

१६ जानेवारी
उस्ताद घरी आले. "पाठ दे, मालिश करी देस." सदरा काढला नाही. थंडी वाजते म्हणालो. ते बघत राहिले. "घाबरी गया का तू?"
हो म्हणालो. तेवढंच सोपं होतं.
शोभाला काही बोललो नाही. लग्नाला सात वर्षं झाली, बायकोपासून कधी काही लपवलं नव्हतं. महिनाभर ओसरीवर झोपतो, खोकल्याचं निमित्त करून. ती विचारत नाही.

१९ जानेवारी
दोनदा विहिरीपर्यंत जाऊन परत आलो.

२१ जानेवारी
ज्याच्याशी माझी कुस्ती, तो सुरतेचा पहिलवान जहीर गाडीनं आला. स्टेशनवर सारं गाव. विशीतला, हसरा. वाकून सलाम केला, हात पुढे केला. मी हात मागे घेतला. लोकांना गुर्मी वाटली.

२२ जानेवारी
उद्या कुस्ती. लढलो तर जिंकेनही. पण अंगाला अंग घासून जहीरला काय देईन?
संध्याकाळच्या गाडीनं चिंचपाड्याला निघतो, मिशनच्या दवाखान्यात. शोभाला एवढंच म्हणालो — मी लढणार नाही, लोक वाट्टेल ते बोलतील. "बोलू द्या लोकेस्ले. तुम्ही जा." कुठे, ते विचारलं नाही.

२४ जानेवारी, चिंचपाडा
महारोगच. डॉक्टरांनी पहिली सुई दिली, तेलाची. बरा होईन का? "येत राहा," म्हणाले. मातीचं विचारलं. मातीतून नाही, म्हणाले, वर्षानुवर्षं एका घरात राहणाऱ्यांना लागतो. बायकोला घेऊन या.
तिला मी हे दिलं असेल तर?

२५ जानेवारी
आमच्या गावचा टांगेवाला इद्रिस आईला दाखवायला आलाय. मी कशाला आलो ते त्याला ठाऊक नाही. गदा न लढताच सुरतेला गेली, म्हणाला. जत्रेत माझ्या नावानं बांगड्या फिरवल्या. भिंतीवरचं माझं नाव उस्तादांनी स्वतः पुसलं. "उस्ताद रडी ऱ्हायना व्हता."
घरी एक कार्ड टाकायला दिलं त्याच्याकडे. शोभा, निघून ये, एवढंच लिहिलं.

२८ जानेवारी
शोभा आली. कार्ड मिळायच्या आधीच निघाली होती, एकटी; मी कुठे गेलो असेन ते तिनं ओळखलं होतं. डॉक्टरांनी तपासलं. तिच्या मांडीवरचे चट्टे माझ्या चट्ट्याहून जुने आहेत. पाच वर्षं लपवले होते तिनं.
"तुम्हनी कुस्ती मन्हामुळे गई," म्हणाली.
मी तिचा हात धरून बसलो.