दाराबाहेरचा जप

मुलींच्या बाबांना सविनय नमस्कार,

मी इथे आल्यापासून धाकटी दोन घास खाते, काळजी नसावी. नोकरी गेल्यापासून मात्र दार लावून पडून असते. डॉक्टरीणबाई नैराश्य म्हणाल्या.

थोरलीवर याहून मोठं संकट आलं, तेव्हा ती गळ्यात पडून रडली आणि सावरली. ही हाकच मारत नाही. लहानपणी माझ्या आजारपणात हिला दोन वर्षं मावशीकडे ठेवलं, तेव्हा "किती शहाणी, रडतसुद्धा नाही" असं कौतुक आपणच केलं.

मी तिच्या दाराबाहेर बसून जप करते. काल आतून आवाज आला, "आई, आहेस का गं?"

गुडघ्याला तेल लावता ना? माझं रविवारचं परतीचं तिकीट वाया जाऊ द्या. तिने पुन्हा विचारलं, तर "आहे" म्हणायला मी इथे हवी.

देवाच्या भरवशावर,
तुमची सौ.