ठराव क्र. ७ : कॅमशाफ्टचा खेळ

वडवणी, ९ फेब्रुवारी १९८७

चि. मोहनराव भावजींस,
वहिनीचे आशीर्वाद. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. पाकिटावर माझ्या नावाआधी पुन्हा 'गं. भा.' लिहिलेत. इथल्या नदीत चिमणी बुडेल एवढे पाणी नाही, टँकर चार दिवसांनी येतो, आणि तुम्ही मला गंगा आणि भागीरथी दोन्ही करून ठेवता. नवरा गेला हे मला ठाऊक आहे. पोस्टमनला कळवायची गरज नाही.

आता मुद्दा. तुमच्या दादांची मोटारसायकल खलास झाली, म्हणून ती सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवायची, संस्थेच्या रौप्यमहोत्सवात तिला हार घालायचा, आणि मी फक्त संमतीची सही करायची! नदीचे पात्र कोरडे असताना उपसा सिंचन संस्था महोत्सव कशाचा करते? ज्या विलायती गाडीवर त्यांनी गावोगाव फिरून सभासद गोळा केले, तिच्या चाकांत तुम्ही सिमेंट ओतणार.

दिवाळीला तुमच्याकडे आले होते तेव्हा मी स्टेथोस्कोप लावून ती ऐकली आहे. हसू नका. अठ्ठावीस वर्षे सरकारी दवाखान्यात मेट्रन होते. शिवाय गाडीचे इंग्रजी पुस्तक त्यांना वाचून दाखवणारी मीच; कॉन्व्हेंटच्या नन्सना वाटले होते मी बायबल वाचेन. टकटक उजव्या झाकणामागे आहे. झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, आडवा सरकतो. त्यावर इलाज टोकाला योग्य जाडीचे वायसर, चौथरा नव्हे.

पाडव्यापर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर वडवणीला आली तर माझी. नाही आली तर सही करते.

तुमचा राग येतो तो लोभापोटीच, हे जाणून असावे.
वहिनी


कडा, २३ फेब्रुवारी १९८७

ती. वहिनींस,
मोहनचा शि. सा. नमस्कार.

आज्ञेप्रमाणे 'गं. भा.' गाळले आहे. पोस्टमास्तरांनी पत्ता अपुरा म्हणून दोनदा विचारले.

पंप बंद असल्याने आमचा म्हाळू फिटर रिकामाच आहे. त्याने झाकण उघडले. तो म्हणतो, दांड्याला खेळ लई हाय. विषय गंभीर, म्हणून संचालक मंडळाची सभा बोलावली. ठराव क्र. ७ : 'कॅमशाफ्टचा खेळ संपूर्णपणे शून्य करण्यात यावा.' सूचक बंकटराव, अनुमोदक सुंदरराव, सर्वानुमते मंजूर. म्हाळू कुरकुरत होता, पण तो पगारी माणूस, त्याला मत नाही. त्याने ठरावाप्रमाणे जाड वायसर घालून झाकण आवळले.

आता किक खाली जात नाही. बंकटराव दोन्ही पायांनी उभे राहिले, तरी नाही. तात्पर्य, दादांची गाडी दादांबरोबरच गेली. चौथऱ्याचे काम सुरू केले आहे. सोबत कोरा कागद आहे, सही तेवढी करावी.

कृपादृष्टी आटू देऊ नये.
आपला, मोहन


वडवणी, ३ मार्च १९८७

चि. मोहनराव भावजींस,
आशीर्वाद, जरा हात राखून.

सर्वानुमते इंजिन जाम करणारी संस्था मी प्रथमच पाहिली. कॅम कशाला म्हणतात हे सुंदररावांना अनुमोदनाआधी कोणी सांगितले होते का?

खेळ म्हणजे लबाडी नव्हे. तुमच्या निवडणुकांतला खेळ वेगळा. दांडा फिरायचा तर त्याला केसभर सरकायला जागा लागते. फार दिली तर तो टकटकतो. मुळीच दिली नाही तर दोन्हीकडून आवळून जागच्या जागी बसतो. बारा वर्षे तुम्ही अध्यक्ष आणि सुंदरराव उपाध्यक्ष. आणखी काय सांगू?

पुढचे म्हाळूला वाचून दाखवा. त्याला मत नसले तरी कान आहेत. म्हाळू, वायसर काढ. दांड्याच्या टोकावर तेल लावलेली कणकेची गोळी ठेव. गव्हाचीच, ज्वारीचे पीठ तुटते. झाकणाखालचा कागद, म्हणजे गॅस्केट, घाल, पूर्ण आवळ, मग उघड. चपटी गोळी जेवढी जाड उरली तेवढी जागा. वायसर त्याहून दाढीच्या ब्लेडच्या जाडीएवढे पातळ हवे. जाड असेल तर काचेवर पॉलिश पेपर पसरून घास.

ते असेच करत. कणीक मी मळायची, आणि पाणी जास्त झाले म्हणून दर वेळी बोलणी खायची.

कोरा कागद परत पाठवते. ठराव रद्द करायला होईल.

अजून तरी तुमचीच,
वहिनी


कडा, २० मार्च १९८७

मॅट्रनबाईंना म्हाळूचा रामराम.

बायकूनं कणीक दिली, पन मानसाला गहू मिळंना अन् गाडीला चारतूस का म्हनून लई बोलली. वायसर दोन दिस घासलं. ब्लेडएवढी फट ठिवली. तिसऱ्या किकंला गाडी बोलली. टकटक न्हाई.

मोहनराव मालक चौथऱ्याच्या भाषनाचा कागद घिऊन हुबे व्हते. आवाज आला तसा कागद खिशात घातला अन् पंपघराच्या मागं जाऊन बसले. आमी बोलावलं न्हाई. लई येळानं आले अन् म्हनले, वाटंत बंद पडली तर संगं जबाबदार मानूस पायजे. मंगळवारी येतो. मागं तेच बसनार हायेत.

मया ठिवावी.
म्हाळू


वडवणी, २७ मार्च १९८७

चि. मोहनराव भावजींस,
आशीर्वाद, या वेळी पुरेपूर.

तांब्याभर पाणी पिऊन, न जेवता, तुम्ही स्टँडवर पळालात आणि टोपी इथेच विसरलात. इतक्या लांब अध्यक्ष मागच्या सीटवर. बीडमध्ये कोणी ओळखले तर नाही? चढावर गाडीला ओझे नको म्हणून तुम्ही उतरून मागून पळत होता म्हणे. त्याचा ठराव झाला होता का?

गाडी ओसरीत आहे. मी रोज सुरू करून ऐकते. आवाज अगदी तसाच आहे. म्हाळूने मला बाकी काही सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.

पाडव्याला टोपी न्यायला या, जेवूनच जा. कणीक सैल झाली तर खुशाल बोला. बऱ्याच दिवसांत कोणी बोलले नाही.

चौथरा तयार आहे म्हणता. त्यावर स्वतः बसू नका. पत्र्याची टाकी ठेवा, टँकर आला की भरून घ्या, खाली तोट्या लावा. बायांचे टँकरमागे धावणे तरी थांबेल. सूचक मी, अनुमोदक म्हाळू. त्याला मत आहे असे समजा.

आणि टाकीवर नाव घालायचेच असेल, तर 'गं. भा.' लिहा. तिथे ते शोभेल.

तुमची, साधी
वहिनी