म्यानातलं पातं

इंदूर, रविवार, १५ ऑक्टोबर १९६१

माझ्या दोस्ताला, श्यामला, मारलं मी आज. टॉकीजच्या दारात, सगळ्यांसमोर. बोटाला त्याचा दात लागलाय, ठणकतंय.

हॉलिवूडचा सिनेमा, ढीगभर बक्षिसं मिळालेला. अठराशे सत्तावनच्या बंडातला गोरा हेर, आणि आपले शिपाई मडमांना, पोरांना कापतायत. मी म्हणालो, सब झूठ, हे गोऱ्यांचं राजकारण. श्याम म्हणाला, "भिया, तुझा पणजाही होता ना बंडात? त्यानं काय केलं, तुला काय माहीत?" बस, हात सुटला.

घरी आबा, माझे आजोबा, दसऱ्याच्या पूजेसाठी पणज्याची तलवार पुसत होते. दरवर्षी मूठ आणि म्यान तेवढं पुसतात, पातं कधी उपसत नाहीत. त्यांना तावातावानं सगळं सांगितलं. वाटलं, पाठ थोपटतील.

ते पुसतच राहिले. मग म्हणाले, "मरताना बापानं मला शपथ घातली, हे पातं उपसू नकोस म्हणून. एक मडम होती, तिचं पोर होतं. पोर पळालंसुद्धा नाही, म्हणाला."

बोट ठणकतंय. श्यामकडे कुठल्या तोंडानं जाऊ?

यंदा तलवारीला हळदकुंकू मी वाहायचं आहे. याच हातानं.