मातीवर वीज चालत नाही

दिनांक ९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय भावजी,

आशीर्वाद. वयाने तुम्ही माझ्याहून मोठे, पण नात्याने मी मोठी, तेव्हा मुकाट्याने घ्या.

इकडे सगळं ठीक. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दुकानदारही तोच, पगारवाढीचा विषय निघाला की त्याला कमी ऐकू येतं. तुमच्या दादांनी लिफ्टदुरुस्तीचं काम सोडलं, हे कोणाकडून तरी कळलं असेल. आता घरीच असतात. आराम करतात.

पत्राचं कारण वेगळंच आहे, हसू नका. तुम्ही दोघं लहानपणी जनावरांच्या झुंजींचा जो खेळ टीव्हीला लावून खेळायचात, तो ह्यांनी माळ्यावरून काढलाय. रोज संध्याकाळी खेळतात आणि मला शेजारी बसवतात. शेवटच्या फेरीतल्या बर्फाच्या अस्वलापाशी आमची गाडी अडली आहे. आपल्या जनावराला चारच हल्ले शिकवता येतात. त्यातली एक जागा आगीची, इथवर आमचं एकमत. पण मोठी ज्वाळा शिकवावी की साधी ठिणगी? ज्वाळा लागली तर अस्वल एका फटक्यात आडवं, पण निम्म्या वेळा ती हुकते. ठिणगी कधी हुकत नाही, पण तिचा जीव तो केवढा. हे म्हणतात ठिणगी. तुम्ही म्हणे नेहमी ज्वाळाच घ्यायचात, आणि हरलात की रिमोटला दोष द्यायचात.

मला आधी यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ह्यांनीच शिकवलं. आग पाल्याला जाळते, पाणी आगीला विझवतं, हे कोणीही सांगेल. पण मातीच्या जनावरावर वीज अजिबात चालत नाही, हे काही मला पटेना. तेव्हा हे म्हणाले, "लिफ्टला अर्थिंग दिलेलं असतं ना, तसं. वीज मातीत गेली की संपली." ते इतकं डोक्यात बसलं की आता दुकानात काच घासतानाही कोणावर काय चालेल, हेच मनात सुरू असतं. गिऱ्हाइकांनाही मी आग, पाणी, बर्फ असं वाटून टाकलंय. दुकानदार माती.

बरं, आता खरं लिहिते. काम ह्यांनी सोडलं नाही, सोडावं लागलं. ज्या इमारतीत वर्षानुवर्षं जात होते, तिथल्या मशीनच्या खोलीत उभे राहिले आणि कुठली तार कुठे जाते तेच आठवेना. सोबतच्या माणसाने हाताला धरून खाली आणलं. डॉक्टर म्हणतात, विसरणं वाढतच जाणार, औषधाने फार तर वेग कमी होईल. भाजी आणायला निघतात आणि शेजारच्या इमारतीच्या जिन्यात उभे राहतात. मला कधी कधी आई म्हणून हाक मारतात. मी ओ देते.

खेळात मात्र एकदाही चुकत नव्हते. कोणासमोर कुठला हल्ला, हे बोट आपोआप सांगायचं. मी त्याच भरवशावर होते. उद्या माझं नाव जाईल, पण हे जाणार नाही, असं धरून चालले होते.

परवा समोर मातीचं कासव आलं. ह्यांनी वीज टाकली. पडद्यावर अक्षरं आली, काहीही परिणाम नाही. ह्यांनी पुन्हा वीज टाकली. मग पुन्हा. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "लागत का नाही गं?"

कासव चिवट आहे, असं मी काहीतरी सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. जन्मभर विजेशी खेळलेला माणूस, भावजी. मला फार भीती वाटते.

तुमच्या भांडणाबद्दलही लिहायलाच हवं. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही उशिरा पोचलात, आणि ह्यांनी तुम्हाला दारातच विचारलं, आता कशाला आलास? तुम्हाला ते लागलं. लागणारच. मी तेव्हाही ह्यांना बोलले होते. पण ते वाक्य आता ह्यांच्यापाशी नाही. ते भांडण तुम्ही एकटेच सांभाळताय. माफी मागा म्हटलं तर कशाची, हेही ह्यांना कळायचं नाही. तेव्हा ती तुम्हाला मिळणार नाही, हे आधीच सांगते. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्ही मात्र त्यांना अजून आठवता. खेळ लावला की सुरुवातीला पडद्यावर विचारतात, दुसरा खेळाडू आहे का. मी 'नाही'चं बटण दाबायला गेले की हे माझा हात धरतात आणि म्हणतात, "थांब, तो हात धुऊन येतोय."

मी म्हणते, हो, येतोय.

मला खोटं पाडू नका.

तुमची
वहिनी