डोक्यावरची एकवीस बटणं

आदरणीय विहीणबाईंना त्यांच्या व्याह्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरचाच समजावा. गुडघ्यांनी हल्ली जमिनीशी संबंध तोडलेत. एकदा खाली गेलो की उठवायला दोन माणसं लागतात.) तुमची कंबर कशी आहे? व्याहीबुवांचा सकाळचा खोकला कमी झाला, की शेजाऱ्यांना अजूनही गजर लावावा लागत नाही? पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असाल, म्हणून आधीच सांगतो, इकडे सगळे सुखरूप आहेत. माझी मुलगी आणि तुमचे चिरंजीव रोज ऑफिसातून येतात आणि आज जास्त कोण दमलं यावर जेवेपर्यंत वाद घालतात. आणि आपली नात, आपली मुंगी, सातवं लागल्यापासून घरावर राज्य करते. हे पत्र तिच्याबद्दलच आहे.

पोरांनी तुम्हाला फोनवर 'एक साधी तपासणी होती' एवढंच सांगितलं असणार. आईला उगाच घोर नको, असं तुमच्या चिरंजिवांचं म्हणणं. पण मी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, मधली पानं काढून पुस्तक कुणाच्या हातात द्यायला माझं मन घेत नाही. तर ऐका. गेलं वर्षभर मुंगी बोलता बोलता मध्येच थांबते. घास हातात, तोंड अर्धवट उघडं, डोळे उघडे, पण बघत कुठेच नाही. आठ-दहा सेकंद. मग पापण्या फडफडतात आणि ती पुन्हा चालू होते. वर्गातल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं की हिचं लक्ष नसतं. आणि विहीणबाई, मीही एकदा तिच्यावर ओरडलो. पुठ्ठा धरायला सांगितला होता, तिनं सोडला. मी म्हणालो, कुठे असते गं तू! कुठे असते ते तिलाच ठाऊक नव्हतं. ते ओरडणं मला अजून खुपतं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की या बारीक फिटा असू शकतात, मुलीचा यात काही दोष नाही. आधी डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरींचा आलेख काढू, जागेपणीचा आणि झोपेतला, आणि तो बघूनच औषध ठरवू.

आता वायरी म्हटल्यावर मुंगीनं काय केलं असेल? ती कपाटात जाऊन बसली. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीनं (ही मैत्रीण पुढे नक्की वकील होणार) तिला सांगितलं होतं की वायरीतून डोक्यात करंट सोडतात आणि केस उभे राहतात ते कायमचे. आईनं समजावलं आणि समजावता समजावता स्वतःच रडली. बाबांनी इंटरनेटवरून चित्र दाखवलं, त्यात एक टकलू माणूस होता, त्यामुळे केस जातात अशी नवीनच भीती उभी राहिली. शेवटी कपाटातून हुकूम सुटला की आई नको, ती रडते. बाबा नको, तो मोबाइल दाखवतो. आजोबा चालतील, पण आधी आजोबांच्या डोक्याला लावून दाखवा.

म्हणून आदल्या दिवशी दुपारी आम्ही रंगीत तालीम केली. मुंगी झाली वायरवाली बाई आणि मी पेशंट. मुलीच्या शिवणाच्या डब्यातून एकवीस बटणं काढली (डॉक्टरांच्या कागदावर एकवीस हाच आकडा होता, आणि कागदावर आहे ते मी मानतो). प्रत्येक बटणाला हातभर दोरा बांधला, सगळ्या दोऱ्यांची एक वेणी घालून तिचं टोक रेडिओच्या कडीला अडकवलं. चिकटवायला मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, साध्या पाण्यानं निघून जाईल अशी. निदान माझा विचार तसा होता. पण विहीणबाई, हात चाळीस वर्षांचा. खळ जरा पातळ वाटली आणि हात आपसूक फडताळातल्या सरसाच्या डब्याकडे गेला. दोन चमचे सरस खळीत केव्हा पडला हे मला कळलंसुद्धा नाही. मी बांधलेल्या जाडजूड शब्दकोशांची पाठ अजून सुटलेली नाही, ती याच मिश्रणामुळे.

मुंगीनं काम मात्र नेटकं केलं. टेपनं माझं डोकं मोजलं, केस बाजूला सारले (जिथे होते तिथे), एकेक बटण दाबून बसवलं आणि प्रत्येक वेळी 'दुखलं तर सांगा हं' असं म्हणाली. मग रेडिओ लावला. बाजारभाव सांगत होते. मुंगीनं जाहीर केलं की आजोबांच्या डोक्यात कांदे आहेत. आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्या काकू बघायला आल्या आणि काही न विचारता परत गेल्या. तासाभरानं बटणं काढायला गेलो, तर डोकं आणि बटणं एकजीव झालेली. मुलीनं संध्याकाळी कोमट पाणी, साबण, तेल, कंगवा आणि माहेरची सगळी माया पणाला लावली तेव्हा कुठे चौदा निघाली, त्यांच्याबरोबर माझे मोजके केसही गेले. सात राहिली. सकाळी दहाची वेळ ठरलेली. मी कानटोपी चढवली आणि निघालो. भर उन्हाळ्यात.

दवाखान्यातल्या खोलीत एक खाट, एक खुर्ची, एक पडदा आणि ट्रॉलीवर एक संगणक. वायरवाल्या बाई चाळिशीच्या, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, बोलणं हळू. त्यांनी विचारलं, केस काल धुतले का, तेल लावलंय का, पोटभर खाल्लंय का. मुंगीनं सगळ्याला मान हलवली आणि मग न विचारलेलं सांगून टाकलं की आजोबांच्या टोपीखाली सात बटणं आहेत. टोपी काढावी लागली. बाई हसतील असं वाटलं होतं. त्या जवळ आल्या, चष्मा लावला, माझं डोकं खिडकीकडे वळवून बघितलं आणि मुंगीला म्हणाल्या, जागा बऱ्याच बरोबर आहेत की, कुणी लावली? पोरीची मान अशी काही ताठ झाली की सांगता सोय नाही. त्यानंतर ती स्वतःहून खाटेवर चढून बसली. आजोबा सात बटणांनिशी रात्रभर जिवंत राहिले, म्हणजे करंट नसतोच, असा हिशेब तिनं बाईंनाच समजावून सांगितला. बाईंनीही खरं तेच सांगितलं की या वायरी डोक्यात काही सोडत नाहीत, डोकं काय म्हणतंय ते फक्त ऐकतात.

मी कुणाच्या कामाला सहसा बरं म्हणत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण या बाईंचे हात बघण्यासारखे होते. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत टेप, मग कानापासून कानापर्यंत, आणि लाल पेन्सिलीनं बारीक खुणा. मीही वहीला टाके घालण्याआधी पाठीवर अशाच खुणा करतो, म्हणून खुर्ची पुढे ओढून बघत बसलो. मग कापसाच्या काडीनं केसांत वाट पाडायची, खरखरीत मलम लावून तेवढीच जागा घासायची, पांढऱ्या लोण्यासारख्या लेपात बुडवलेली छोटी वाटी टेकवायची, वर कापडाचा तुकडा. प्रत्येक वेळी आधी विचारून. (मी त्यांना लेपात काय असतं ते विचारलं. त्या म्हणाल्या, सरस नसतो.) एकविसावी वाटी लागली तेव्हा मुंगीनं आरशात बघितलं आणि माझ्यापेक्षा आपल्याला जास्त शोभतंय असं सांगितलं. ते खरं होतं.

मग डोळे मीट, डोळे उघड. दात आवळू नकोस, कपाळ सैल सोड. मी मध्येच शाबास म्हणालो, तर मुंगी हसली आणि संगणकाच्या पडद्यावरच्या सगळ्या रेघा थयथयल्या. बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मी खुर्ची मागे सरकवली. मग त्यांनी मुंगीच्या हातात एक कागदी भिरभिरं दिलं आणि तीन मिनिटं जोरजोरात फुंकायला सांगितलं. भिरभिरं छान फिरत होतं. दोन मिनिटं झाली असतील, आणि ते हळू झालं. थांबलं. मुंगीचे डोळे उघडे होते आणि ती तिथे नव्हती. पडद्यावर रेघा उंच उंच, एकासारख्या एक उठत होत्या. बाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, 'पिवळी छत्री.' मी मनात आकडे मोजत होतो, नवापर्यंत गेलो. मग पापण्या फडफडल्या आणि भिरभिरं पुन्हा फिरायला लागलं. बाईंनी विचारलं, मी आत्ता काय म्हणाले गं? मुंगी म्हणाली, तुम्ही काहीच नाही म्हणालात. विहीणबाई, तेव्हा मला रडू आलं. आईऐवजी मला का आणलं होतं ते आठवून मी कानटोपीत तोंड पुसलं आणि घाम आला असं सांगितलं.

एवढं काम फत्ते झालं. राहिली झोप. वायरी तशाच ठेवून अर्धा तास झोपायचं होतं. बाईंनी पडदा ओढला, दिवा मंद केला, आणि मला म्हणाल्या, आजोबा, हिला झोपवा. मी पुस्तकबांधणीची माहिती सांगायला सुरुवात केली. पुढचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा मुंगी टक्क जागी होती आणि बाई टंकत होत्या. प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवावी लागते त्यांना. मी वाकून वाचलं. पडद्यावर लिहिलं होतं: 'मूल जागे. आजोबा घोरत आहेत.' अशा चार नोंदी निघाल्या. चूक माझी, पण लिहिली गेली मुंगीच्या कागदावर, ती तिच्या फायलीत कायमची राहणार. शेवटी बाईंनी कोमट पाण्यानं तिच्या वाट्या काढल्या आणि उरलेला पाऊण तास माझ्या बटणांवर घालवला. पैसे घ्यायला तयार झाल्या नाहीत, म्हणून त्यांची फाटकी नोंदवही मी नव्यानं बांधायला घरी आणली आहे. (खळ साधीच वापरीन.)

तर असा सगळा प्रकार. काळजीचं कारण नाही. डॉक्टर म्हणतात, बहुतेक औषधानं आटोक्यात येईल. व्याहीबुवांना नमस्कार, आणि तब्येतीला जपा.

आपला,
व्याही (डोक्यानं थोडा विरळ झालेला)

ता. क. झोपेचा आलेख अजून राहिलाय, आणि तो झाल्याशिवाय औषध ठरत नाही. पुढच्या गुरुवारी दुपारी दोनची वेळ दिली आहे. मुंगीला दुपारी झोपवण्याचे प्रयोग घरात रोज चालू आहेत. आई गाते, बाबा अंक मोजतो, मी माझ्या गोष्टी सांगतो. रोज आम्ही तिघं झोपतो, ती जागी राहते. आजपर्यंत तिला दुपारी झोपवू शकलेलं माणूस जगात एकच आहे. ते मला फोनवर सांगता आलं नसतं, कारण माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन व्याहीबुवांकडे देता. त्यात तुमची काही चूक नाही.

ता. क. दुसरा. गेल्या वेळी भरल्या पानावर, बारा माणसांदेखत, मी म्हणालो होतो की विहीणबाईंच्या गोष्टीतला राजा शिकारीला निघण्याआधी चप्पल शोधत बसतो, ती सापडेपर्यंत ऐकणारे घोरायला लागतात, आणि गोष्ट काही जागची हलत नाही. तुम्ही त्याच संध्याकाळी बॅग भरलीत. आठ महिने झाले. मी मोठा विनोद केला असं मला वाटलं होतं. माफी मागतो. साष्टांगही घालीन, फक्त उठवायला दोन माणसं हाताशी ठेवा.

ता. क. तिसरा, आणि हा खरा. काल मुंगीला विचारलं, आजीच्याच गोष्टीत तुला झोप का गं लागते? तिनं थोडा विचार केला. म्हणाली, मी मध्येच जाते ना, तेव्हा परत येईपर्यंत सगळे पुढे गेलेले असतात. वर्गात पान उलटलेलं असतं. आजोबा, तुमच्या गोष्टीत वाघ मेलेला असतो. मला काही कळत नाही, मग मला भीती वाटते. आजीच्या गोष्टीत मी परत येते, तेव्हा राजा तिथंच असतो. विहीणबाई, गुरुवारी याच. आणि राजाला चप्पल लवकर सापडू देऊ नका.